तिचा बर्फातला फोटो

माझ्या बायकोला बर्फात उभं राहून एक फोटो काढून हवा होता. नवरा फोटोग्राफर असूनही तो मी काढला नाही. कोणी विचारलं तर मी कॅमेरा, हवा, नशीब अशी कारणं सांगतो. खरं कारण मी आहे.

तसं बर्फाचं तिला अप्रूप असायचं काही कारण नव्हतं. तिचे वडील रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीत कामाला होते. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतून लाद्या निघायच्या, त्यांचा भुगा होऊन मासेमारीच्या ट्रॉलरवर चढायचा. शाळा सुटली की ही वडिलांचं जेवण घेऊन तिथे जायची. बर्फ म्हटला की त्याला मासळीचा वास असतोच, असं तिला मोठी होईपर्यंत वाटत होतं म्हणे. वास नसलेला बर्फ एकदा बघायचाय, असं लग्नानंतर ती मला म्हणाली, आणि पुढची तीस वर्षं अधूनमधून म्हणत राहिली.

माझा धंदा लग्नांचा. मे महिन्यात लग्नं संपली की पावसाळाभर लेन्सची राखण. कोकणात लेन्सला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या ओलावल्या की आतले दाणे मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करायचे. हे काम तिचं होतं. मी फक्त डबा उघडून लेन्स घ्यायचो आणि डबा नीट लावला नाहीस म्हणून तिच्यावरच खेकसायचो.

मुलीचं लग्न झालं आणि आम्ही गुलमर्गला जायचं ठरवलं. ठरवलं तिने. मी तयारीला लागलो, म्हणजे लेन्सच्या. डोंगरावरून घसरत येणारा माणूस टिपायला सत्तर-दोनशे हवी, अख्खा डोंगर मावायला सोळा-पस्तीस हवी. चकाकी मारायला पोलरायझरची काच. थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते म्हणून चार जादा बॅटऱ्या. एक बॅग पूर्ण माझ्या सामानाची. तिने स्वतःसाठी एक लाल स्वेटर विणला, कारण पांढऱ्यावर लाल उठून दिसतो हे तिने माझ्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं. शिवाय छत्री घेतली. मी हसलो तर म्हणाली, वरून काही पडणार असेल तर रत्नागिरीचं माणूस छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

पहिले दोन दिवस बर्फ भुरभुरत होता आणि ती छत्री तिच्या डोक्यावर नव्हती, माझ्या कॅमेऱ्यावर होती. बॅटऱ्या तिने स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवल्या होत्या. हातातली थंड पडली की मी मागे न बघता हात पसरायचो आणि म्हणायचो, बॅटरी. ती ऊबदार बॅटरी हातावर ठेवायची. दोन दिवसांत आमचं एवढंच बोलणं झालं असेल. निळ्या जाकिटातला एक मुलगा फार सुंदर स्की करत होता, वळताना बर्फाचा पिसारा उडवायचा. शटरचा वेग दोन हजारावर ठेवून मी त्याच्या मागे लागलो. बर्फ राखाडी येऊ नये म्हणून उजेड थोडा चढा ठेवायचा, ही विद्या मी तिला दोनदा समजावून सांगितली. तिने दोनदा ऐकून घेतली. मग म्हणाली, माझा एक काढा ना. मी म्हटलं, आत्ता उजेड मेलाय, परवा निघायच्या आधी सकाळी काढू, ऊन पडेल. उजेडाचं कारण पुढे केलं की फोटोग्राफरशी कोणी वाद घालत नाही. तिनेही घातला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आलो. खोलीत लोखंडी शेगडी रसरसत होती, तिच्यावर किटलीतलं पाणी उकळत होतं. कॅमेऱ्याची बॅग वरून ओली झालेली. आपल्याकडे पावसात भिजलेलं काहीही असो, दप्तर, चपला, पापड, चुलीशी नेऊन ठेवायचं. मी तेच केलं. कॅमेरा बाहेर काढला, लेन्स काढून वेगळी केली आणि सगळं शेगडीजवळ मांडलं. ती सॉक्स काढत होती, तशीच थांबली.

"अहो, बॅगेतच राहू दे. थंडगार वस्तू गरम हवेत आणलीत की तिला घाम सुटतो. बाबांच्या फॅक्टरीतला डबा वर काढला की कसा थबथबायचा. हळूहळू खोलीची ऊब लागू दे, मग काढा."

मी म्हटलं, लाद्या आणि लेन्स यांत फरक असतो. हेच शब्द. तिने सॉक्स वाळत घातले.

सकाळी ऊन पडलं होतं. असं ऊन की समोरचा डोंगर हात लावावा इतका जवळ आलेला. कॅमेरा सुरूच होईना. दोन्ही लेन्सच्या आत, काचांच्या मधोमध, बारीक थेंब होते, जिथे कुठलंही फडकं पोचत नाही. ती लाल स्वेटर घालून, केस विंचरून दारात उभी होती. मला वाटतं तिला लगेच कळलं. ती एवढंच म्हणाली की मी जरा खाली जाऊन येते.

मी हॉटेलच्या पायरीवर बसून लेन्स उन्हात धरली. मनात चीड होती, आणि ती तिच्यावरच होती, कारण तिचं खरं झालं होतं. जाताना तिच्या हातात मोबाइल होता. त्यावर मी फोटो काढू शकलो असतो, दोन मिनिटांचं काम. सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. कमीपणाचं वाटलं.

तासाभराने ती वर आली. गाल लाल झालेले. स्लेज ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी फोटो काढून दिला, म्हणत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी मान पुरती वळवली नाही. मोबाइलचा आहे, ठीक आहे, म्हणालो. तिने तो पर्समध्ये ठेवला. पुढे तिने तो कोणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. गुलमर्गचं मात्र सगळ्यांना भरभरून सांगायची, माझ्या फोटोंचं कौतुकही करायची.

त्या निळ्या जाकिटातल्या मुलाचं नाव मला माहीत नाही. त्याचे एकशे चाळीस फोटो माझ्याकडे आहेत.

गेल्या श्रावणात, सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली आणि उठली नाही. तेराव्याला लावायला फोटो हवा, म्हणून मुलगी आणि मी शोधू लागलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातल्या नवऱ्यांच्या, सासवांच्या, पोरांच्या फोटोंनी चार हार्ड डिस्क भरलेल्या, आणि तिचा एक धड फोटो नाही. जिथे होती तिथे कोणाला तरी वाढत होती, किंवा माझा फ्लॅश धरून अर्धी कापली गेली होती. शेवटी मुलीने आईचा मोबाइल उघडला आणि माझ्या हातात दिला.

लाल स्वेटर. छत्री मिटून बर्फात रोवलेली. तोंड भरून हसते आहे, पुढचा किंचित वाकडा दात दिसतोय, जो ती आयुष्यभर ओठाने झाकायची. म्हाताऱ्याने ऊन अगदी बरोबर घेतलं होतं, बर्फ पांढराशुभ्र आला होता. आणि तिच्या खांद्यामागे, हॉटेलच्या पायरीवर, एक माणूस पाठ करून मांडीवरच्या काचेत डोकं घालून बसला होता.

गेलेल्या माणसाला ग्रुप फोटोतून वेगळं करून देणं हे माझं रोजचं काम. या वेळी मी मागे राहिलेल्या माणसाला काढलं. पाठ पुसली, पायरी पुसली, तिथे बर्फ भरला. जेमतेम दहा मिनिटं लागली. मग कॉम्प्युटरसमोर मी मोठ्याने रडलो, आणि मुलगी दार लावून बाहेर उभी राहिली.

तेराव्याला तिची थोरली बहीण पावसहून आली. हार घातलेल्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "भावोजी, फोटो मात्र झकास काढलात हो. बघा कशी हसत्ये. दुसरं कोणी समोर असतं तर अशी हसली नसती ती."

मी हो म्हटलं.

मुलगी शेजारी पानं मांडत होती. तिने मूळ फोटो पाहिला होता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान मांडलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.