जावयाची औटकी

सव्वीस जानेवारी जवळ आली की माझ्या नवऱ्याची, आशिषची, कंबर धरते. लग्न झाल्यापासून दरवर्षी. कारण माझ्या माहेरच्या प्राथमिक शाळेत त्या दिवशी झेंडावंदनानंतर जावयांची परीक्षा असते. गावच्या प्रत्येक जावयानं एकदा तरी सगळ्यांसमोर उभं राहून पाढा म्हणायचा, त्याशिवाय जिलेबी नाही. यंदा माझ्या बाबांनी फोन करून थेट त्यालाच गाठलं. "जावईबापू, येऊन राह्यले ना?" ऑफिसात कुणाचं न ऐकणारा हा माणूस सासऱ्यापुढे लगेच ढेपाळला. "हो बाबा, नक्की."

झालं, निघालो. पुण्याहून पहाटेची एसटी धरली की दुपारी जालना. तिथून अंबडमार्गे घनसावंगी, आणि पुढे गावापर्यंत जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि 'भरली' म्हणजे काय ते ड्रायव्हर ठरवतो. सामान कमी घ्या, बॅग मांडीवरच येते. जानेवारीत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्यामागे अडकलात तर घाई विसरा. आशिषच्या ते पथ्यावरच पडलं. तो डोळे मिटून एकोणतीसचा पाढा पुटपुटत होता.

"आजारी हाईत का पाव्हणे?" शेजारच्या बाईंनी मला विचारलं.

"नाही, परीक्षा आहे."

"या वयात?" त्यांनी त्याच्या हातावर मूठभर बोरं ठेवली.

संध्याकाळी शेतात ज्वारीचा हुरडा, घरी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि भाकरी. या दिवसांत इकडे आलात तर हुरडा चुकवू नका. आशिषनं भूक नाही म्हणून सांगितलं आणि सगळ्यांत जास्त खाल्ला.

सकाळी शाळेत गेलो. ही शाळा निजामाच्या काळात मारुतीच्या सभामंडपात सुरू झाली. तेव्हा शिकवणं उर्दूत, आणि गणित चुकलं तर छड्या मात्र कोणत्याही भाषेत. नंतर गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून दोन खोल्या बांधल्या. आज तिथं टीव्हीवर कविता लागतात, पण प्रभातफेरी अजून मारुतीपासूनच निघते. घोषणा देता देता पोरांचे आवाज बसतात आणि जिलेबीचं नाव काढलं की परत येतात.

झेंडावंदन झालं. परीक्षा घ्यायला नेहमीप्रमाणे अंबडहून लक्ष्मीआत्या आली होती. ही माझ्या बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, या शाळेतून चौथी पास झालेली पहिली मुलगी. मी लग्नात गावभर सांगितलं होतं, की आमच्या ह्यांचं गणित फार पक्कं आहे. बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

आत्या म्हणाली, "जावईबापू, औटकी म्हणा."

आशिषनं माझ्याकडे बघितलं. मी झेंड्याकडे बघितलं. औट म्हणजे साडेतीन आणि औटकी म्हणजे त्याचा पाढा, हे आमच्याकडे जुन्या लोकांना पाठ. पुण्यातल्या इंजिनिअरला कोण सांगणार? पण त्यानं घसा खाकरला. औट म्हणजे बाद, बाद म्हणजे शून्य, असा हिशोब त्यानं मनाशी लावला असावा.

"एक औट शून्य," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "दोन औट शून्य. तीन औट शून्य…"

पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. हा थांबेना. दहापर्यंत शून्यं वाटत गेला. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बराबर म्हणून राह्यले," आत्या गंभीरपणे म्हणाली. "पण औट म्हंजे काय, ठाव हाय का?"

आशिषच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाही, आत्या. खरंच माहीत नाही. सांगता का?"

आत्यानं टाळी वाजवली. "पास! द्या जिलेबी."

"पास कसा काय?" मीच ओरडले.

मग आत्यानं जे सांगितलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. तिला बघायला अंबडहून पाव्हणे आले होते. त्यांनी तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं. तेव्हा शाळेचे गुरुजी म्हणाले, आता आमचाही एक प्रश्न, नवरदेवानं औटकी म्हणावी. नवरदेव अडला. मोठी माणसं सावरायला लागली, पण तो हसून म्हणाला, मला येत न्हाई.

"तवाच मी आतून हो म्हणलं," आत्या म्हणाली. "येत न्हाई असं चार लोकांत म्हणणारा गडी मी तवर बघितला नव्हता. पाढा तर काय, कुनीबी पाठ करतंय." तेव्हापासून ती परीक्षा. आत्या जावयाला मुद्दाम अडवते, आणि तो कबूल करेपर्यंत सोडत नाही. बाबांनी टोपी पुन्हा घातली. आशिषनं जिलेबीचा तिसरा वेढा उचलला.

पुण्याला परत येऊन आता आठवडा झाला. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर आशिषला ते वाक्य फार आवडलंय. भाजी फोडणीला टाक म्हटलं, "मला येत नाही." कपड्यांच्या घड्या, "मला येत नाही." वर गावानं पास केलंय म्हणतो. शेवटी मी आत्याला फोन लावला.

"अगं माय," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं येत न्हाई म्हणलं, मंग मी त्याला बसवून औटकी शिकवली. स्वैपाकबी शिकवला. पास केलं म्हंजे सोडून दिलं असं कोण म्हणलं तुला? दे फोन त्याच्याकडं."

मी फोन त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ नुसता "हो आत्या, हो आत्या" करत होता. मग त्यानं हळूच विचारलं, "मोहरी आधी, की जिरं?"