मास्तरांचं ‘विथ’

मास्तर घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवायचे. शिकायला येणारी सगळी मोठी माणसं: दुकानातले विक्रेते, टॅक्सीवाले, नर्स. कामापुरतं बोलता आलं की झालं, एवढंच त्यांचं मागणं. पण मास्तर एकदा ‘विथ’वर आले की त्यांना आवरणं कठीण.

“आपण चाकूने कापतो, भावाबरोबर जातो, आनंदाने हो म्हणतो. आपल्याकडे दाढीवाला माणूस असतो. इंग्रजाला या सगळ्याला एकच शब्द पुरतो. विथ! कंजूष कुठला! आणि बायकोवर रागवायचं झालं, तरी तिथेही विथच. म्हणजे भांडणातसुद्धा सोबत सुटत नाही.”

मग आतल्या दिशेने हाक जायची, “अगं, जरा बाहेर ये.” मास्तरीणबाई ओले हात पुसत दारात यायच्या. मास्तर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “आय लिव्ह विथ हर.” सगळे हसायचे.

“झालं का तुमचं? दूध उतू जातंय तिकडे,” असं म्हणत बाई परत फिरायच्या. वर्षानुवर्षं हेच उदाहरण, आणि दर वेळी त्या लाजायच्याच.

एका सकाळी दाढी करताना मास्तर आरशासमोरच कोसळले. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली आणि हळूहळू परतली, पण अर्धीमुर्धीच. पाणी. खिडकी. डॉक्टर. उशी. नुसती नावं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी समजावून सांगितलं, “त्यांना माणसांची, वस्तूंची नावं आठवतात. नावांना एकमेकांशी जोडणारं जे असतं ना, ने, ला, साठी, बरोबर, ते गेलंय. हो-नाहीचाही भरवसा धरू नका, घोटाळा होतो त्यांचा.”

“इंग्रजीतलं तरी राहिलं असेल?” बाईंनी आशेने विचारलं.

“दोन्हीकडचं गेलंय.”

“परत येईल ना?”

“प्रयत्न करायचे, आजी.” ताईंनी नजर चुकवली.

लेक दूरच्या शहरात राहायची. ती येऊन बघून गेली आणि महिन्याभराने गाडी घेऊनच आली. “आई, तुझ्याच्याने एकटीने उचलणं-बसवणं होणार नाही. दोघं माझ्याकडे चला.” तिचं काही चुकत नव्हतं. बाईंची कंबर खरंच मोडकळीला आली होती.

“आधी ह्यांना विचार,” बाई म्हणाल्या.

लेक पलंगाशी बसली. “बाबा, याल ना माझ्याकडे?”

मास्तरांनी ओठ जुळवले, सोडले, कपाळावर घाम आला. “घर,” ते म्हणाले. मग लेकीकडे पाहून, “तू.” मग बायकोकडे पाहून, “ही. घर. ही.”

“बघ, ‘आईला घेऊन तुझ्या घरी येतो’ म्हणताहेत,” लेकीचे डोळे भरून आले.

“नाही गं. ‘मी हिच्याबरोबर इथेच राहतो’, असं म्हणताहेत ते.”

“बाबा, इथे राहायचंय?” त्यांनी मान डोलावली. “की माझ्याकडे यायचंय?” पुन्हा तशीच डोलावली. लेकीने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड बडवली आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. आणखी काय विचारणार?

शेवटी बाईंनीच सामान बांधलं. खालच्या टॅक्सीवाल्याने, मास्तरांच्याच विद्यार्थ्याने, त्यांना खुर्चीसकट उचललं. उंबऱ्याशी आल्यावर मास्तरांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली. घट्ट. निरोप घेत होते की नको म्हणत होते?

“मास्तर, सोडा ना,” टॅक्सीवाला काकुळतीला आला.

ते सोडेनात. लेक मागे वळून भिंतीकडे बघू लागली. मग बाई पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याची बोटं एकेक करून सोडवली. मास्तरांनी जोर केला नाही. बाईंना तेच सहन झालं नाही.

लेकीच्या घरी त्यांचं सगळं व्यवस्थित होतं. मोठा पलंग होता, मदतीला मोलकरीण होती, आठवड्यातून तीनदा व्यायाम घेणारे यायचे. मास्तरांची नावं वाढली. गॅलरी, जावई, लिफ्ट. त्यांच्या पलीकडे मात्र काही आलं नाही.

संध्याकाळी ते कधीतरी “घर” म्हणायचे.

“कुठलं हो?” बाई जवळ सरकून विचारायच्या. “हे? का ते?”

मास्तर त्यांच्याकडे बघत राहायचे आणि मान डोलवायचे.