कपाटातलं माध्यम आणि धानाचा करपा

त्या वर्षी मी गोंदियातल्या एका कॉलेजात संशोधन सहायक होते. जवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, करपलेली पानं आणायची, त्यांतले जिवाणू वाढवायचे आणि त्यांचे प्रकार ओळखायचे, हे माझं काम. ओळखायची रीत सोपी आहे. प्लेटमध्ये जिवाणूंचा थर वाढवायचा, त्यावर वेगवेगळ्या विषाणूंचे थेंब सोडायचे. जो विषाणू त्या जिवाणूला मारतो, त्याच्या थेंबाखाली स्वच्छ गोल डाग पडतो. कुठल्या विषाणूंनी डाग पाडले, त्यावरून प्रकार ठरतो.

माझ्या प्लेटांवर डागच दिसेनात. जिवाणू ज्यावर वाढवायचे ते खाद्य, म्हणजे माध्यम, साखरेनं ठासून भरलेलं होतं. त्यावर जिवाणू असे माजत की पिवळ्या चिकट थरात सगळं बुजून जाई. मी विभागप्रमुख सरांकडे कमी साखरेचं, थोडं कॅल्शियम घातलेलं माध्यम मागितलं.

"मॅडम, मीडिया तो मीडिया होता है," ते म्हणाले. "कपाटात तयार माध्यमाचे डबे पडलेत, ते आधी संपवा. डाग नाहीत ना? मग सगळे एकाच प्रकारचे. लिहून टाका."

मी लिहिलं नाही. मला हवं ते माध्यम स्वतःच बनवलं. जिवाणू तेच, विषाणू तेच, आणि डाग लख्ख उमटले. गोरेगावकडे शेती करणाऱ्या माझ्या मामांच्या बांधीतला जिवाणू शेजारच्या गावातल्यापेक्षा वेगळा निघाला. मी प्लेट सरांपुढे धरली. त्यांनी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. "कंटॅमिनेशन, बाहेरचं काहीतरी मिसळलंय," म्हणाले आणि माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढच्याच आठवड्यात गोरेगावात शेतकऱ्यांची सभा झाली. सरांनी माइकवरून सांगितलं, तालुक्यात करप्याचा एकच प्रकार आहे, सगळ्यांनी त्याला तोंड देणारं एकच वाण लावावं. मामा माझ्या शेजारी बसले होते.

"काऊन वं बाई, खरं हाय का हे?"

"नाही मामा."

"मंग चूप कायले बसून राहिली? सांग ना!"

मी उभी राहिले आणि दोन्ही माध्यमांवर काय दिसलं ते सांगितलं. सर हसून म्हणाले, "नवीन आहेत, शिकतायत अजून." मागून एक शेतकरी ओरडला, "मंग आमच्यासमोर करून दाखवा!"

चार लोकांत बोभाटा झाल्यावर प्राचार्यांनी पुन्हा चाचणी करायला लावली. मामांसह काही शेतकरीही आले होते. साखरेच्या माध्यमाच्या प्लेटवर काहीच नाही, माझ्या प्लेटवर स्वच्छ डाग. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी हेच सांगत होतो, माध्यम महत्त्वाचं असतं."

एका वाणाचा सल्ला मागे घेतला गेला. अहवालात छापून आलं, 'विभागानं माध्यमात सुधारणा केली.' माझं नाव नव्हतं, त्याचं दुःख मी गिळलं. पण कपाटातले डबे संपावेत म्हणून हा माणूस अख्ख्या तालुक्याला चुकीचं बी पेरायला लावणार होता, याचा संताप आजही गिळता येत नाही.