वादळाच्या पोटातली शांतता

दुकानात नवी ताडपत्री उलगडली की तिचा उग्र वास येतो आणि आजही मी दुकानाबाहेर येऊन उभा राहतो.

दहावी अर्धवट सोडून मी मराठवाड्यातल्या पाथरीहून नामामामासंगं कोकणात आंब्याच्या बागेत कामाला आलो. मामा आमच्या गावचा मुकादम. नात्यातला नव्हे, पण आईनं माझा हात त्याच्याच हातात दिला होता.

त्या दुपारी वादळ आलं. दोन तास पत्रे थडथडत होते, माड मोडत होते. मग एकदम सगळं थांबलं, ऊनही पडलं. आमच्याकडं वावटळ गेली की गेली, परत फिरत नाही.

"संपलं बघ," मामा म्हणला. "जा, बाहीर नव्या ताडपत्र्या पडल्यात, गोळा करून आण. जपून जा रं."

ते 'जपून' मला तेव्हा मायेचं वाटलं.

निम्म्या बागेत पोचलो तर शेजारच्या कोळीणआजी दारातून ओरडल्या, "मेल्या, आत ये! वादळाचा डोळा आहे तो!" त्यांनी मला ओढूनच घरात घेतलं. समुद्र तापला की वादळ गरगरत उठतं, मधोमध वारा नसतो, असं त्या सांगत होत्या तोवर उलटीकडून वारा आला. मघाशी बागेत मी उभा होतो तिथंच आंब्याचं झाड आडवं झालं. आजींमुळं मी आज हाय.

सगळं निवल्यावर मामाला विचारलं, "तुमाला ठावं नव्हतं?"

"धा वर्सं हितं काढली, ठावं नसंल व्हय? पण बाकीचे समदे हितलेच. त्यातला कुणी गेला असता का?"

चार दिवसांनी फोन लागला. आईनं विचारलं, "मामा ध्यान ठिवतो ना?"

"लय," मी म्हणलं.