आपलं श्रीमंत राज्य

घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून मी शेअर रिक्षात ज्ञान पाजळतो. एकदा पडेगावच्या रिक्षात शेजारी एक म्हातारे होते. दर खड्ड्याला ते पोटुशा सुनेपुढं हात आडवा धरत. माझ्या पेपरातली करवाटपाची बातमी पाहून म्हणाले, "साहेब, आता आमच्या गल्लीचा रस्ता व्हईल का? अ‍ॅम्बुलन्स आत येत नाय."

म्हटलं, "दिल्ली कर गोळा करते आणि राज्यांना वाटते. गरीब राज्यांना जास्त, आपल्याला कमी. आपलं राज्य श्रीमंत ना."

त्यांनी दाढी खाजवली. "हे ठरवताना आमच्या गल्लीत कोणी आलतं का?"

तेवढ्यात त्यांचा नाका आला. सुनेला धरून ते गल्लीतल्या दगडांवरून चालू लागले. श्रीमंत राज्य नेमकं कुठं संपतं, ते मला अजून कळलेलं नाही.