वहिनीने बदललेलं एक वाक्य

परवा काकूने स्वतःबद्दल छापलेलं एक वाक्य वाचलं आणि पान उलटलं...

आम्ही द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी बसलो होतो. माझी वहिनी सध्या कॉम्प्युटरवर आमच्या घराण्याचा इतिहास तयार करतेय आणि त्याची कच्ची प्रत काकू तपासत होती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आपण नाव, गाव, जन्म, लग्न भरायचं. प्रत्येक घटनेसाठी वाक्याचा एक साचा असतो, त्यात नावं जाऊन बसतात आणि पुस्तक तयार होतं. साचे मुळात इंग्रजीत. वहिनीने बँकेतली नोकरी सांभाळून ते एकेक मराठीत लिहिले. सुरुवातीला आमची पणजी 'पार्वतीबाई सिन्नर येथे जन्मला' अशी आली होती... मग बायकांसाठी वेगळे साचे केले.

तर काकूच्या नावाखाली छापलं होतं, 'यांना अपत्य नाही.' मुलांची जागा रिकामी असली की सॉफ्टवेअर हे आपोआप लिहितं.

आमची आई गेली तेव्हा मी बालवाडीत होतो, दादा दुसरीत. बाबा इगतपुरीला रेल्वेत, ड्युटीचा काही नेम नाही. काकू आम्हा दोघांना आपल्या घरी घेऊन आली, ते कायमचंच.

दादा म्हणाला, "आमची आई म्हणून काकूचंच नाव टाक."

"नको," काकू म्हणाली. "तुझ्या आईचं नाव खोडायचं नाही."

वहिनी उठली. लॅपटॉप घेऊन शेजारच्या खोलीत गेली. अपत्य नसल्याचं वाक्य तिने सगळ्यांसाठीच काढून टाकलं. मग 'सांभाळ' नावाची नवीन घटना तयार केली आणि तिचा साचा लिहिला... 'यांनी अमुक यांना लहानाचं मोठं केलं.' आईचं नाव होतं तिथेच राहिलं.

तिथेही ती थांबली नाही. नातेवाइकांना फोन करून विचारत बसली, तुमच्याकडे कोणी कोणाला सांभाळलं? मालेगावच्या आत्याने शेजारची पोरकी मुलगी वाढवली होती, हे मला पहिल्यांदाच कळलं. अशी बरीच माणसं निघाली.

संध्याकाळी वहिनीने नवीन पान काकूला दाखवलं. काकूने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"मोठं केलं असं नको गं. मोठे काय, ते आपोआप झाले. 'जेवू घातलं, शाळेत घातलं' असं लिही."

वहिनी हसली आणि साचा तसा बदलला. बदल एकाच जागी केला, पण पुस्तकात जिथे जिथे कोणी दुसऱ्याचं लेकरू सांभाळलं होतं, तिथे तिथे काकूचे शब्द उमटले.

दादा उठून गॅलरीत गेला. मी पुस्तकातलं ते पान बघत राहिलो... इतकी वर्षं आम्हाला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते वहिनीने लिहून ठेवलं होतं.