बटणावरचं कुंकू

कारखान्याच्या स्टोअरमध्ये काल सहज डोकावले. सुट्या भागांच्या नोंदीसाठी मी मालकांच्या मागे लागून घ्यायला लावलेला स्कॅनर टेबलावर होता. खंडेनवमीला त्याच्या बटणावर लावलेलं कुंकू अजून जसंच्या तसं होतं. दिवाळी होऊन गेली तरी!

शेजारी स्टोअर सांभाळणारे कदमकाका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने नोंदी करत होते.

"वापरत नाही का हो, काका?"

"बिघडला म्हणजे, मॅडम? एवढी महागाची वस्तू. रोज झाकून ठेवतो की."

लेथच्या हँडलवरचं कुंकू काम सुरू झाल्यावर तासाभरात हातांनी पुसलं गेलं होतं. यंत्राची खरी पूजा तीच असावी. या स्कॅनरला हात कसा लावायचा, हे काकांना दाखवायला मात्र मी एकदाही आले नव्हते. खोकं उघडलं, हार घातला, पेढे वाटले, की माझ्या लेखी काम झालं होतं.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. "त्या स्कॅनरने नेमका काय फरक पडला, ते सांगायला या जरा."

मी घाईघाईने ते बटण दाबून पाहिलं. बोट तेवढं लाल झालं. ते मुठीत दडवून मी केबिनकडे निघाले.